१९०५ च्या पुण्यातल्या होस्टेलवर एकांकिका लिहितोय, तेव्हाची कॉलेजची मुलं नक्की काय विचार करायची?

रंगपीठ

नमस्कार मंडळी, आमच्या ग्रुपसाठी एकांकिका लिहायला घेतली आहे. काळ १९०५ चा ऑक्टोबर, जागा फर्ग्युसनच्या होस्टेलमधली एक खोली, चार मुलं, आणि विदेशी कपड्यांच्या होळीच्या आदल्या रात्रीपासून ते सावरकरांना दंड होऊन होस्टेल सोडावं लागतं तिथपर्यंतचा काळ. सावरकर स्वतः स्टेजवर येणार नाहीत, त्यांच्याबद्दल फक्त बोललं जाईल. ही चार मुलं त्यांच्या शेजारच्या खोलीतली, साधी, काल्पनिक.

घटना काय घडली ते सगळीकडे वाचायला मिळतं पण मला हवीयेत ती माणसं, म्हणजे ही मुलं जेवायची कुठे, पैसे कुठून यायचे, काय वाचायची, प्राध्यापकांबद्दल खोलीत दार लावून काय बोलायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळी एकाच मताची होती का? मला चार मुलं चार मतांची हवी आहेत पण उगाच वादासाठी वाद असा प्रकार नको, त्या मुलाला ते मत का पडलं हे प्रेक्षकाला त्याच्या कपड्यांवरून बोलण्यावरून कळलं पाहिजे. गोखल्यांच्या बाजूने बोलणारा मुलगा तेव्हा होस्टेलवर टिकला असता का? प्राचार्य परांजपेंनाही मला व्हिलन करायचं नाहीये, त्यांची बाजू कोणी नीट समजावून सांगितली तर फार बरं होईल. मुंबईचं, नागपूरचं, कुठलंही त्या काळातलं कॉलेजचं वातावरण माहीत असेल तर सांगा, उपयोग होईल.

इतिहासाचा मास्तर

विषय छान निवडलात. आधी वयं लक्षात घ्या कारण नाटकात त्याने सगळा फरक पडतो. होळीच्या वेळी सावरकर २२ वर्षांचे, आणि प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फक्त २९ चे. आपण कायम पिकल्या केसांचा कडक प्रिन्सिपॉल डोळ्यांसमोर आणतो, तर तसं काही नव्हतं. हा माणूस १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला, हा मान मिळवणारा पहिला भारतीय, देशभर कौतुक झालं, सरकारी नोकरीत हवी ती खुर्ची मिळाली असती, आणि तो परत येऊन फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांच्या आसपास पगारावर शिकवायला लागला. आजीव सदस्याने २० वर्षं सेवा द्यायची असा तिथला करार. गोखले ती वर्षं पुरी करून १९०२ मध्ये बाहेर पडले तेव्हा त्यांना पेन्शन होती ३० रुपये. त्यामुळे स्वार्थत्याग म्हणजे काय हे त्या मुलांना वर्गात रोज समोर दिसत होतं, ज्यांच्यावर ती चिडायची तीच माणसं त्यागी होती, तुमच्या नाटकाचं खरं दुखणं मला इथे दिसतं.

आता होळी. बंगालच्या फाळणीची घोषणा झालेली, ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला आणि फाळणी अमलात आली १६ ऑक्टोबरला. पुण्यातली होळी त्याच्याही आधीची, दसऱ्याच्या सुमाराची. विद्यार्थ्यांनी गावातून कपडे गोळा केले, गाडीत घालून मिरवणुकीने लकडी पुलापलीकडे नेले, तिथे टिळक बोलले, 'काळ' साप्ताहिकाचे संपादक शिवरामपंत परांजपे (प्राचार्य नव्हेत, हे वेगळे) बोलले. त्यानंतर कॉलेजने सावरकरांना १० रुपये दंड केला आणि होस्टेलमधून काढलं, परीक्षेला मात्र बसू दिलं, त्यामुळे बीए झाले. (ती पदवी पुढे जन्मठेपेनंतर विद्यापीठाने काढून घेतली आणि १९६० मध्ये परत दिली.)

प्राचार्य परांजपेंची बाजू म्हणाल तर ती दोन शब्दांत अनुदान आणि संलग्नता. लॉर्ड कर्झनचा विद्यापीठ कायदा १९०४ चा, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वीचा. त्या कायद्याने सेनेटवर सरकारने नेमलेली माणसं भरली आणि कॉलेजांची तपासणी, संलग्नता देणं-काढणं यावर सरकारची पकड घट्ट झाली. गोखले कौन्सिलमध्ये याच कायद्याविरुद्ध लढले होते. मुंबई विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे, शिकवायची कॉलेजं आणि परीक्षा घ्यायचं विद्यापीठ, त्यामुळे संलग्नता गेली की कॉलेजचं दार बंदच झालं म्हणायचं. त्यात परांजपे स्वतः मवाळ, बुद्धिवादी, देवाधर्मावर सुद्धा विश्वास नसलेले, कपडे जाळून काय साधणार हे त्यांना मनापासून पटत नसणार. म्हणजे भीतीही होती आणि मतही होतं, दोन्ही एकत्र. केसरीने या गुरूंवर 'हे आमचे गुरूच नव्हेत' असा अग्रलेख झाडला. त्याच्या मागे १८९० चं भांडणही होतं, टिळक याच सोसायटीतून तेव्हा बाहेर पडले होते.

सगळे एका मताचे होते का, तर मुळीच नाही. पण मतं वर्गात तयार होत नसत. वर्गात इंग्रजी कविता, इंग्लंडचा इतिहास, गणित, संस्कृत, सगळं इंग्रजीतून. मतं बनायची मंगळवारी केसरी आला की खोलीत एकजण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार तिथे, शिवरामपंतांचा काळ फिरायचा तिथे, मवाळ घरातला मुलगा ज्ञानप्रकाश घेऊन बसायचा तिथे. सावरकरांचा गट होस्टेलवर स्वतःचं हस्तलिखित साप्ताहिक चालवायचा. त्यामुळे खोलीत दोन-तीन वर्तमानपत्रं दाखवलीत की निम्मं काम झालं. आणखी एक, गोखले त्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात नव्हतेच, ते इंग्लंडला गेलेले, डिसेंबरात बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेव्हा "गोखले इथे असते तर" असं तुमच्या मवाळ मुलाच्या तोंडी येऊ शकतं.

परळकर

मास्तरांनी छान लिहिलंय, पण मला या खोलीतल्या चार मुलांबद्दलच बोलायचंय. ही चारही मुलं कोणत्या जातीची आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मला वाटतं लिहायची गरज वाटली नाही कारण १९०५ च्या फर्ग्युसन होस्टेलवर ते गृहीतच धरलं जातं. जेवायची कुठे असं विचारलंत ना, तर इथूनच सुरुवात करा, एका पंगतीत कोण बसणार आणि कोण नाही हे ठरलेलं असायचं, गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा किंवा माधुकरी मागायचा, रोज वेगळ्या घरी, अपमान गिळून, पण त्याला पोटभर जेवण मिळण्याची एक वाट तरी गावात होती. बाकीच्यांना ती वाटही नव्हती.

त्याच काळात मुंबईत एक मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकत होता, १९०७ ला मॅट्रिक झाला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. भीमराव आंबेडकर. संस्कृत शिकायचं होतं, शाळेत मिळू दिलं नाही म्हणून फारसी घेतली. राहायला परळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, घरात सगळं कुटुंब, अभ्यासाला शांतता फक्त मध्यरात्रीनंतर, वडील रात्री दोनला उठवायचे आणि मुलगा दिव्याजवळ बसायचा. कॉलेजच्या हॉटेलवाल्याने चहापाणी द्यायलाही नकार दिल्याचं त्यांच्या चरित्रात आहे. पैसे संपले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे नेलं आणि महिना २५ रुपये स्कॉलरशिप सुरू झाली. प्रोफेसर म्युलर पुस्तकं द्यायचे, कपडे द्यायचे. १९१२ ला बीए झाले.

आता सावरकरांचा दंड १० रुपये, आणि या मुलाचं महिन्याचं सगळं आयुष्य २५ रुपयांत. सांगायचा मुद्दा असा की विद्यार्थ्यांचं मत, विद्यार्थ्यांचं मत असं आपण म्हणतो तेव्हा ते कोणाचं मत? मँचेस्टरचं कापड जाळायला आधी जाळता येईल इतकं कापड घरात असावं लागतं. मी होळीला कमी लेखत नाहीये, ती मोठी गोष्ट होती, पण तुमच्या खोलीत एक तरी मुलगा असा हवा की ज्याच्याकडे तो कोट एकच आहे.

कोल्हापूरचाही विचार करा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग जैन, मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. तिथून शिकणाऱ्या मुलाला टिळक-गोखले वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न फार मोठा वाटत नसणार, त्याचा प्रश्न होता मला इथे राहायला मिळालं ते कोणामुळे.

रंगपीठ

परळकर दादा, एकच कोट असलेला मुलगा, हे मी उचललं. मनापासून धन्यवाद. चौघांची घरची परिस्थिती वेगवेगळी करतोच आहे आता.

मास्तर सर, परांजपेंबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून दंडाचा प्रसंगच बदलावासा वाटतोय. पण एक विचारतो, मवाळ मुलगा टिकला असता का याचं उत्तर अजून मिळालं नाही. त्याला भित्रा दाखवायचा नाहीये मला.

मुळाकाठ

मास्तरांशी एका बाबतीत असहमत आहे आणि ते आधी सांगतो. अनुदान जाईल ही काळजी खरी असेल, पण एखाद्या मुलाला होस्टेलमधून बाहेर काढणं ही शिक्षा अनुदानाच्या हिशोबात बसवून मोकळं होता येत नाही. बंगालमध्ये कार्लाइल सर्क्युलर निघालं तेही त्याच ऑक्टोबरात, की ज्या शाळा-कॉलेजांची मुलं बहिष्कारात दिसतील त्यांची मदत बंद. रंगपूरच्या मुलांना दंड झाला तर तिथल्या पालकांनी दंड भरायला नकार देऊन राष्ट्रीय शाळाच काढली, आणि कलकत्त्यात विद्यार्थ्यांनी अँटी-सर्क्युलर सोसायटी काढली. म्हणजे वाकल्याशिवाय पर्यायच नव्हता असं कोणी म्हणू नये, पर्याय होता, महाग होता. पुण्यात तर अजून तसं सर्क्युलर आलंही नव्हतं, देशभरासाठीचं रिस्ली सर्क्युलर १९०७ चं. कोणी मागितलेलं नसताना कॉलेजने आपणहून दिलेली शिक्षा आहे ही, आणि मुलांना राग आला तो याचाच असणार. परांजपेंना व्हिलन करू नका हे ठीक आहे पण त्यांना सोडूनही देऊ नका, प्लीज.

आता मवाळ मुलगा. तो टिकला असता, आणि चांगला टिकला असता. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवरच १२ जून १९०५ ला, म्हणजे होळीच्या चारच महिने आधी, गोखल्यांनी भारत सेवक समाजाची पायाभरणी केली. त्यात जाणाऱ्याने आयुष्यभर गरिबीत राहून देशाचं काम करायची शपथ घ्यायची होती. हे भित्र्याचं काम आहे का? तुमचा मवाळ मुलगा टेकडीवरून खाली आलेला दाखवा, ज्याला शपथ घ्यायची आहे पण घरी बहिणीचं लग्न आहे. तो म्हणेल की जाळणं एका संध्याकाळचं असतं आणि मी म्हणतोय ते तीस वर्षांचं. त्यावर दुसरा म्हणेल की तीस वर्षं थांबायला वेळ कोणाकडे आहे. गोखल्यांचं स्वतःचं मत त्यांनी पुढे १९०९ ला मुंबईत स्टुडंट्स ब्रदरहुडपुढे विद्यार्थी आणि राजकारण याच विषयावर मांडलं, की अभ्यासा, चर्चा करा, पण विद्यार्थी असेपर्यंत चळवळीत उतरू नका. बनारसला त्यांनी स्वदेशीची बाजू जोरात घेतली, बहिष्कार मात्र शेवटचं हत्यार म्हणून ठेवा म्हणाले. त्यामुळे मवाळ मुलगा स्वदेशीच्या विरुद्ध दाखवलात तर ते चूक होईल, तो कदाचित देशी जाडंभरडं कापडच घालत असेल, त्याचा विरोध आगीला.

माझं स्वतःचं प्रेम डेक्कन कॉलेजवर आहे म्हणून तिकडचंही थोडं ऐका. नदीपलीकडे येरवड्याला, गावापासून लांब, सरकारी कॉलेज, प्रिन्सिपॉल इंग्रज, दगडी इमारत १८६८ पासूनची, मुलं तिथेच राहणार, मुळा-मुठेत बोट क्लब, वल्ही मारायची, क्रिकेट. फर्ग्युसनवाले त्यांना साहेबी समजायचे. पण याच साहेबी कॉलेजातून पांडुरंग महादेव बापट निघाले, जे पुढे सेनापती बापट झाले. बीएनंतर मंगलदास नथुभाई स्कॉलरशिप मिळवून १९०४ ला एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला गेले, तिथे ब्रिटिश राज्यावर टीका करणारं बोलले-लिहिले आणि स्कॉलरशिप गेली. गंमत नाही ही, परदेशात, थंडीत, खर्चाचे पैसे बंद.

आणि दुसरीकडे सावरकर जून १९०६ ला लंडनला निघाले ते श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीने, आणि तिची अट काय, तर शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. परळकरांनी म्हटलेल्या बडोद्याच्या स्कॉलरशिपवर आंबेडकर १९१३ ला कोलंबियाला गेले तेव्हा अट होती परत येऊन १० वर्षं संस्थानची नोकरी करायची. बघा, प्रत्येकाच्या पैशाला एक अट बांधलेली आहे. फी कोण भरतंय त्यावर तोंड किती उघडता येतं हे ठरायचं आणि मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. सावरकरांचा कॉलेजचा खर्च सासऱ्यांनी उचलला होता, जव्हारच्या चिपळूणकरांनी. त्यामुळे चार मतं शोधू नका, चार मनीऑर्डरी शोधा. एकाचा मामा सरकारी मामलेदार आहे, एकाला संस्थानाची स्कॉलरशिप आहे, एकजण वार लावून जेवतो, एकाच्या आईने पाटल्या मोडल्यात. मत आपोआप वेगळं होईल.

वैदर्भी

आमच्याकडचं पण घ्या की राव, सगळं पुण्यातच घडलं असं दिसतं नाहीतर. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, पण विद्यापीठ नव्हतं. आधी ही कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, १९०४ च्या कायद्यानंतर अलाहाबादला. आमचं स्वतःचं नागपूर विद्यापीठ १९२३ ला झालं. म्हणजे घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि डिग्रीचा कागद गंगेकाठचा. पण यामुळे एक झालं की नागपूरच्या मुलांना बंगाल परका वाटला नाही, तिकडची हवा इकडे लवकर यायची.

शाळकरी मुलं सुद्धा मागे नव्हती. नील सिटी हायस्कूलमध्ये १९०७-०८ च्या सुमारास इन्स्पेक्टर आला तर वर्गावर्गातून वंदे मातरम् झालं, शाळा बंद पडली, शेवटी बहुतेक मुलं परत गेली, केशव हेडगेवार गेले नाहीत, त्यांचं नाव कमी झालं. मग ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात. मला यात सगळ्यात जास्त कुतूहल त्या परत गेलेल्या मुलांचं वाटतं. त्यांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या बापांनी हात जोडले असतील, मुलांनी मान खाली घालून पुन्हा बाकावर बसायचं आणि शेजारची जागा रिकामी. तुमच्या नाटकात अशी एक जागा ठेवा, म्हणजे दंड झाल्यावर उरलेले लोक दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चरला जातात की नाही. जातातच हो, बीएची परीक्षा तोंडावर आलेली असते.

आणि हे फक्त १९०५ पुरतं नाही, १९१६ ला कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नावाच्या प्रोफेसरला मुलांनी मारलं, सुभाषचंद्र बोस त्यात काढले गेले, वर्षभराने स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे प्रोफेसर इंग्रज, त्यामुळे राग सरळ होता. पुण्याच्या मुलांचं अवघड होतं ते मास्तरांनी म्हटलंय तसं, समोरचा माणूस आपलाच, धोतर-कोटातला, आपल्यासाठी पगार सोडून आलेला.

हिंगण्याची

इतक्या वेळ वाचत होते, कोणी बाईचं नाव काढेल म्हणून. चार मुलांच्या खोलीत बाई नाही हे मान्य, पण खोलीच्या खिडकीतून दिसेल ना. धोंडो केशव कर्वे त्या वर्षी ४७ वर्षांचे, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, १८९१ पासून १९१४ पर्यंत शिकवलं त्यांनी. त्यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याला हलला होता, तेव्हा तिकडे माळरान, आणि अण्णा कॉलेजातून तिथपर्यंत चालत जायचे-यायचे, पावसात चिखल तुडवत. स्वतः विधवेशी लग्न केलेलं, म्हणून गावात अनेकांनी टाकलेलं. होस्टेलवरच्या मुलांना हा माणूस रोज दिसायचा. त्यांच्यातल्या कितीजणांनी त्यांना नमस्कार केला असेल आणि कितीजणांनी तोंड फिरवलं असेल?

हे मी का सांगतेय, तर जहाल आणि मवाळ ही एकच रेघ नव्हती तेव्हा. देशासाठी परदेशी कोट जाळायला तयार असलेला मुलगा घरी जाऊन केस काढलेल्या आत्याच्या हातचं जेवत असेल आणि त्याला त्यात काही खटकत नसेल. आणि ज्याला सगळे सरकारधार्जिणा म्हणतायत तो मुलगा कदाचित बहिणीला शिकवायचं म्हणून बापाशी भांडत असेल. आगरकरांचा सुधारक वाचलेली पिढी होती ती, आगरकर याच कॉलेजचे प्राचार्य होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये बायकांना पदव्या खुल्या केल्या, कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिली आली तर विलायतेची सरकारी स्कॉलरशिप बाई म्हणून नाकारली. वीस वर्षांनीही कॉलेजात मुली मोजक्याच. १९१६ ला कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, मराठीतून शिक्षण, आणि त्याचे पहिले कुलगुरू कोण माहितेय का, तेच रघुनाथराव परांजपे. मुर्डीचे, कर्व्यांच्याच घरी वाढलेले.

मुळाकाठ म्हणतात त्यांना सोडून देऊ नका, मी पण नाही म्हणत सोडा. पण दंडाच्या कागदावर सही करणारा हात आणि हा हात एकच आहे, हे नाटकात आलं पाहिजे असं मला फार वाटतं.

मुळाकाठ

ताई, हे मला पटलं. माझा राग शिक्षेवर आहे, माणसावर नाही. सहीचं म्हणालात ते खरंच घ्यावं नाटकात.

रंगपीठ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मी वही घेऊन बसलोय अक्षरशः. पात्रं आता अशी होतायत: एक वार लावून जेवणारा, एकच कोटवाला आणि गंमत म्हणजे सगळ्यात जहाल तोच, कारण गमावायला कोट सोडून काही नाही (परळकर दादा, तुमच्या मुद्द्याच्या उलट जातंय का हे? सांगा). दुसरा मामलेदाराचा भाचा, पैसेवाला, जाळायला सहा कोट आहेत पण मामाची नोकरी आहे. तिसरा भारत सेवक समाजात जायचं म्हणणारा. चौथा संस्थानाच्या स्कॉलरशिपवरचा, मराठा, कोल्हापूरकडचा, जो बराच वेळ काही बोलतच नाही. खिडकीतून अण्णा कर्वे जाताना दिसतील. शेवटी सकाळच्या लेक्चरची घंटा.

थोडं बारीकसारीक हवंय, खोलीत काय काय असेल? आणि या मुलांचं पुढे काय झालं असेल, म्हणजे ही पिढी पुढे कुठे गेली?

परळकर

उलट जात नाहीये, उलट बरोबर वाटतंय मला. फक्त त्याने कोट जाळल्यावर हिवाळा येतो हे विसरू नका. थंडीचा एक संवाद हवाच. आणि चौथ्याला बोलतं करा कधीतरी, नाहीतर तो नुसता शोभेचा होईल. त्याला एकच प्रश्न विचारू द्या: "तुमच्या स्वराज्यात मी तुमच्या पंगतीला बसेन का?" आणि बाकी तिघांची तीन वेगळी उत्तरं. तो वार लावून जेवणारा जहाल मुलगा काय उत्तर देतो त्यावर तुमचं नाटक उभं राहील नाहीतर पडेल.

इतिहासाचा मास्तर

खोलीतल्या वस्तू: रॉकेलचा दिवा, विजेचा प्रश्नच नाही. पत्र्याची ट्रंक, वळकटी, लाकडी टेबल, पाण्याचा माठ किंवा तांब्या, खुंटीवर पगडी किंवा रुमाल, काहींच्या डोक्यावर टोपी आली होती. लांब कोट, खाली धोतर, उपरणं. भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र चालेल, शिवजयंतीचा उत्सव टिळकांनी सुरू करून दहा वर्षं होत आली होती. जोर-बैठकांची आवड बऱ्याच जणांना, मुद्गल ठेवा कोपऱ्यात. प्लेगचा उल्लेख जरूर करा. १८९७ नंतर पुण्यात प्लेग परत परत येत राहिला, घर सोडून माळावर झोपडीत राहायला जायचं हे या मुलांनी लहानपणी पाहिलेलं. सावरकरांचे वडील आणि काका १८९९ ला प्लेगनेच गेले. चौघांतल्या एकाचं तरी घरचं माणूस प्लेगात गेलेलं असणं अगदी साहजिक, आणि प्लेग कमिशनर रँडच्या सोजिरांनी घरात घुसून झडती घेतल्याची आठवण अशा मुलाला कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त जहाल बनवू शकते.

परीक्षांची नावं नीट वापरा, आधी प्रीव्हियस, मग इंटर, मग बीए. एफवाय-एसवाय असं काही कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका.

पुढे काय झालं म्हणाल तर पिढी फार पांगली. काका कालेलकर त्याच वर्षांत फर्ग्युसनला होते, १९०७ चे बीए, ते गांधीजींकडे गेले आणि गुजरात विद्यापीठात. आचार्य कृपलानी सिंधमधून फर्ग्युसनला आले, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०८ ला टिळक मंडालेला गेले, शिवरामपंतांना शिक्षा झाली, १९१० मध्ये काळ बंद पडला, तळेगावचं समर्थ विद्यालय सरकारने बंद केलं, एकदम सगळं गप्प झालं. मग बरीच मुलं वकील झाली, शाळामास्तर झाली, संस्थानांत कारकून झाली. पंधरा वर्षांनी असहकारात पुन्हा कॉलेजं सोडायची हाक आली, तेव्हा १९२१ ला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, आणि हीच मंडळी तेव्हा बाप झालेली होती, मुलगा कॉलेज सोडतो म्हणतोय आणि आपण काय सांगायचं हा प्रश्न त्यांच्या घरात आला. मधल्या काळात १९१६ मध्ये विनोबा बडोद्याहून इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले, सर्टिफिकेटं त्यांनी आधीच चुलीत घातली होती, आईसमोर.

तुमचा मामलेदाराचा भाचा पुढे स्वतः मामलेदार होईल असं मला वाटतं. पण ते नाटकात सांगू नका, मामाचं पत्र आलंय आणि तो ते उघडत नाहीये इतकंच दाखवा. दुसरा खर्डा झाला की इथे टाका, भाषा तपासून देतो.